वाघ्याच्या जठराला पीळ पडला

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दार वाजले म्हणून उघडले, तो शेजारची आठवीतली मुलगी धापा टाकीत उभी.

"काका, वाघ्या सारखा ओकाऱ्या काढतोय, पण बाहेर काहीच पडत नाही. नुसता फेस येतोय."

वाघ्या हा त्यांचा अल्सेशियन कुत्रा. वय आठ वर्षे, वजन ३६ किलो. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते. त्या गडबडीत वाघ्याचे जेवण राहून गेले आणि साडेनऊला त्याला सगळे एकदम वाढले गेले. भुकेलेल्या वाघ्याने ते दोन मिनिटांत फस्त केले.

जाऊन पाहिले तर वाघ्या अंगणात येरझारा घालीत होता. बसे, लगेच उठे, मान वळवून आपल्याच कुशीकडे पाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. "अजीर्ण झालंय. थोडं ओव्याचं पाणी पाजा आणि सकाळपर्यंत वाट बघा," आजी म्हणाल्या. एरवी हा सल्ला काही वाईट नव्हे. पण मुलीने आणखी एक गोष्ट करून पाहिली होती. तिने वाघ्याच्या बरगड्यांमागे पोटावर टिचकी मारली होती. "नगाऱ्यासारखं वाजतंय हो," ती म्हणाली.

पशुवैद्य बाईंना फोन केला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ओकारीतून काही बाहेर पडते का? पोट फुगले आहे का? उत्तरे ऐकताच त्या म्हणाल्या, "ताबडतोब घेऊन या. तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही."

पाऊण तासाने वाघ्या दवाखान्यातील टेबलावर होता. पोट ढोलासारखे तट्ट फुगलेले. आम्हा सर्वांना वाटले, आता डॉक्टर पोटाकडे वळणार. पण त्यांनी आधी वाघ्याच्या पुढच्या दोन्ही पायांवरचे केस काढले आणि दोन्हीकडे जाड सुया बसवून सलाइन सुरू केले. मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, "काका, दुखणं पोटात आणि सुया पायात? त्याही पुढच्याच पायात का?"

प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर समजले म्हणजे हे सारे दुखणेच समजले असे म्हणायला हरकत नाही.

प्रथम जठर पाहू. तान्ह्या मुलाची झोळी तुम्ही पाहिली असेल. दोन टोकांना बांधलेली, मध्ये सैल लोंबणारी. कुत्र्याचे जठर बरेचसे असेच असते. डाव्या बाजूस त्याला अन्ननलिका येऊन मिळते, उजव्या बाजूस त्याचे दुसरे तोंड लहान आतड्यात उघडते. ही दोन टोके बऱ्यापैकी जागच्या जागी असतात. मधली पिशवी मात्र पातळ पडद्यांच्या बंधांनी सैलसर धरलेली असते. हे सैलपण सोयीचेच आहे. कुत्रा हा मूळचा शिकारी प्राणी. मिळेल तेव्हा भरपूर खायचे आणि मग उपास काढायचा, अशा जीवनक्रमाला ताणली जाणारी आणि हलू शकणारी पिशवीच हवी.

पण रिकाम्या झोळीपेक्षा भरलेली झोळी जास्त झोके घेते. कुत्रा घाईघाईने खातो तेव्हा अन्नाबरोबर पुष्कळ हवा गिळतो. जठरात अन्न आंबूनही थोडा वायू तयार होतो. एरवी ढेकर देऊन तो बाहेर जातो. काही कारणाने तो अडकला की जठर फुगू लागते, आणि फुगलेले जठर एखाद्या वेळी आपल्याच आसाभोवती फिरते. उजवीकडे असणारे आतड्याकडील तोंड पोटाच्या तळाकडून सरकत डावीकडे जाते आणि तेथून वर चढून अन्ननलिकेजवळ येऊन बसते. डावीकडचा मोठा फुगवटा उजवीकडे पडतो. कधी अर्धा वेढा पडतो, कधी पाऊण, क्वचित पूर्ण. प्लीहा जठराला चिकटून असल्याने तीही बिचारी बरोबर फरफटत जाते. आधी फुगते आणि मग फिरते, की आधी फिरते आणि मग फुगते, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. बहुधा दोन्ही प्रकार घडत असावेत.

कापडी पिशवीच्या दोन्ही टोकांना पीळ दिला म्हणजे काय होते? आत जाण्याची वाट बंद, बाहेर येण्याचीही बंद. म्हणूनच वाघ्या ओकाऱ्या काढीत होता, पण बाहेर काही पडत नव्हते. जो फेस येत होता तो गिळता न आलेल्या लाळेचा होता. ओव्याचे पाणी पाजले असते तरी ते जठरात पोहोचण्याची शक्यता कमीच होती. उलट ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका होता.

आता जठर फुगले, दुखले, एवढेच असते तर कुत्रा काही तासांत मरण्याचे कारण नव्हते. खरा घात होतो तो दुसरीकडेच.

एक छोटा प्रयोग करा. बोटाच्या मुळाशी रबरबँडचे दोन वेढे घाला आणि बोटाकडे पाहा. (एक मिनिटापेक्षा जास्त वेळ ठेवू नका बरे!) बोट पांढरे पडत नाही, जांभळे पडते आणि ठणकू लागते. असे का? हृदयाकडून रक्त आणणाऱ्या रोहिण्यांच्या भिंती जाड असतात आणि त्यांतील रक्ताचा दाब मोठा असतो, म्हणून रबरबँड त्यांना पुरते दाबू शकत नाही. परतीच्या नीला मात्र पातळ भिंतीच्या आणि कमी दाबाच्या, त्या चटकन मिटतात. रक्त येत राहते आणि परत जाऊ शकत नाही. बोटात साचलेले हे रक्त काळपट दिसते.

वाघ्याच्या पोटात हेच घडत होते, पण फार मोठ्या प्रमाणावर. शरीराच्या मागच्या भागातील सारे रक्त एका मोठ्या महानीलेतून हृदयाकडे परतते. ही महानीला पाठीच्या कण्याखालून जाते. आतडी, प्लीहा आणि जठर यांतील रक्त दुसऱ्या एका मोठ्या नीलेतून यकृताकडे जाते. ढोलासारखे फुगलेले जठर या दोन्ही नीलांना दाबून टाकते. मग पोटातील इंद्रियांत आणि मागच्या पायांत रक्त साचते आणि हृदयाकडे पोहोचत नाही. विहिरीत पाणीच आले नाही तर पंप कितीही जोरात चालवून काय उपयोग? हृदय मात्र आपल्या परीने जोर करीत राहते. मोठ्या कुत्र्याचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा धडधडते. वाघ्याचे ठोके १८० झाले होते. हिरड्यांवर बोट दाबून सोडले असता पांढरा पडलेला भाग निरोगी कुत्र्यात दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. वाघ्याच्या हिरड्या मुळातच फिकट होत्या आणि चार सेकंद झाले तरी रंग परतत नव्हता. ही खूण तुम्ही आपल्या नखावर दाबून पाहू शकाल.

या अवस्थेला डॉक्टर 'शॉक' म्हणतात. भीतीचा किंवा विजेचा धक्का तो हा नव्हे. पेशींना पुरेसे रक्त आणि म्हणून पुरेसा प्राणवायू न मिळणे, असा त्याचा वैद्यकीय अर्थ. त्यातच फुगलेले जठर छाती आणि पोट यांमधील पडद्याला पुढे ढकलते, म्हणजे फुफ्फुसांना पसरायला जागा कमी. श्वासही अपुरा आणि रक्तही अपुरे, असा हा दुहेरी पेच असतो.

आता मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. मागच्या पायातून सलाइन दिले असते तर ते दबलेल्या महानीलेच्या अलीकडेच अडकून राहिले असते. पुढच्या पायांतील रक्त वेगळ्या वाटेने थेट हृदयाकडे जाते. ती वाट मोकळी होती. कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे वाघ्याचे एकूण रक्त तीन लिटरच्या आसपास. अशा वेळी द्यावा लागणारा द्रवही कधी कधी तितकाच भरतो. पण तो एकदम देत नाहीत. चौथा हिस्सा द्यायचा, नाडी आणि हिरड्या पाहायच्या, मग पुढचा, अशी रीत आहे.

सलाइन सुरू असतानाच डॉक्टरांनी दुसरे काम केले. बरगड्यांच्या मागे जेथे सर्वांत पोकळ आवाज येत होता तेथले केस काढून, जागा निर्जंतुक करून एक जाड पोकळ सुई सरळ जठरात खुपसली. फुस्स करून हवा बाहेर आली. तिचा आंबट वास सगळ्या खोलीत पसरला. दोन-तीन मिनिटांत पोट थोडे सैल पडले आणि ठोके १८० वरून १५० वर आले. खेड्यातील वाचकांना हे नवीन वाटणार नाही. कोवळा, ओला लसूणघास जास्त खाल्ला की गाईची डावी भकाळी फुगते, आणि वेळ आणीबाणीची असेल तर पशुवैद्य तेथे नळीचे हत्यार खुपसून हवा काढतात. दोहोंत फरक एवढाच, की गाईच्या पोटफुगीत सहसा पीळ नसतो, हवा गेली की बरेचसे काम भागते. कुत्र्यात हवा गेली तरी पीळ तसाच राहतो. पोट पुन्हा फुगते.

पीळ आहे हे कशावरून ठरवायचे? पूर्वी तोंडातून रबरी नळी घालून पाहत. नळी जठरात गेली तर पीळ नाही, असे मानीत. पण पीळ असतानाही नळी कधी कधी आत जाते, तेव्हा ही कसोटी फसवी आहे. खात्रीचा उपाय क्ष-किरण छायाचित्राचा. कुत्र्याला उजव्या कुशीवर निजवून ते घेतात. वाघ्याच्या छायाचित्रात हवेचे दोन काळे फुगे दिसत होते, मध्ये पांढरी पट्टी. मोठा फुगा जठराचा मुख्य भाग, लहान फुगा म्हणजे वर चढून बसलेले आतड्याकडील तोंड. या आकाराला पशुवैद्यांनी व्यंगचित्रातील पॉपॉय खलाशाच्या फुगीर हाताची उपमा दिली आहे. एकदा पाहिले की ती विसरत नाही.

हातात मावेल अशा एका लहान उपकरणाने डॉक्टरांनी रक्ताचा एक थेंबही तपासला. त्यात लॅक्टेट किती आहे ते पाहायचे होते. जोरात धावल्यावर आपल्या स्नायूंना प्राणवायू कमी पडतो तेव्हा त्यांत लॅक्टेट वाढते. ऊतींना रक्त मिळेनासे झाले म्हणजेही तेच होते. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पीळ पडलेल्या १०२ कुत्र्यांचे लॅक्टेट मोजले होते. ज्यांचे ते लिटरला ६ मिलिमोलच्या आत होते ते जवळजवळ सगळे वाचले, ज्यांचे त्याहून जास्त होते त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक वाचले. पुढे असे दिसून आले, की पहिल्या आकड्यापेक्षा उपचारानंतर तो किती उतरतो हे अधिक महत्त्वाचे. वाघ्याचा आकडा ७.१ निघाला. वडिलांचा चेहरा उतरला. पण अर्ध्या तासाने पुन्हा तपासले तेव्हा तो ५ च्या खाली आला होता. "आता भूल देते," डॉक्टर म्हणाल्या. तोवर भूल देणे धोक्याचे होते, कारण भुलीने रक्तदाब आणखी उतरतो.

एक वाजता शस्त्रक्रिया सुरू झाली. पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेतला की पहिलीच गोष्ट जी दिसते ती पीळ पक्का असल्याचे सांगते. आतड्यांवर पसरलेला चरबीचा जाळीदार पडदा अशा वेळी जठरावर ओढला गेलेला असतो. डॉक्टरांनी एका हाताने आतड्याकडील तोंड शोधून वर ओढले, दुसऱ्या हाताने मोठा फुगवटा खाली दाबला, आणि जठर सावकाश आपल्या जागी फिरले. सगळी रात्र ज्यासाठी धावपळ केली ते काम काही क्षणांचे असते!

मात्र त्यानंतर डॉक्टर स्वस्थ उभ्या राहिल्या. घड्याळ पाहत दहा मिनिटे. पीळ सुटला, आता रंग पाहायचा होता. जठराची भिंत जांभळट होती. ती हळूहळू लाल, मग गुलाबी झाली तर ठीक. पण करडी, हिरवट किंवा काळी राहिली, बोटांना पातळ लागली, तर तो भाग मेला असे समजून कापून काढावा लागतो. तो तसाच राहिला तर एक-दोन दिवसांत तेथे छिद्र पडून जठरातील घाण पोटात पसरते. वाघ्याचे जठर गुलाबी झाले. प्लीहा सुजलेली होती, पण तिच्या रोहिण्यांची नाडी लागत होती, म्हणून तीही ठेवली. जठराला रक्त पुरवणाऱ्या काही लहान रोहिण्या ताणून तुटल्या होत्या, त्या बांधल्या.

झोळी एकदा फिरली ती पुन्हा फिरणार नाही कशावरून? नुसता पीळ सोडवून पोट शिवले तर निम्म्या किंवा त्याहून अधिक कुत्र्यांना हा विकार पुन्हा होतो. म्हणून शेवटी जठर पोटाच्या भिंतीला टाचून टाकतात. आतड्याकडील तोंडाजवळ, जठराच्या बाहेरच्या स्नायूच्या थरावर बोटभर चीर घेतात. चीर आतल्या अस्तरापर्यंत जाऊ द्यायची नाही, नाही तर जठर उघडेल. तशीच एक चीर उजवीकडे शेवटच्या बरगडीमागे पोटाच्या भिंतीच्या आतल्या स्नायूवर घेतात आणि दोन्ही चिरांच्या कडा एकमेकींना शिवतात. चिरा कशासाठी? नुसते टाके काही आठवड्यांत सैल पडतील. जखमेला जखम भिडली म्हणजे मात्र भरून येताना दोन्ही एकजीव होतात. गुडघा फुटला की जी खपली आणि जो व्रण तयार होतो, तीच शरीराची शक्ती येथे कामाला लावली आहे. असे टाचलेले जठर फुगू शकते, पण सहसा फिरू शकत नाही. शंभरात पाचांहून कमी कुत्र्यांना पुन्हा पीळ पडतो.

"वाचला ना आता?" वडिलांनी विचारले. डॉक्टर म्हणाल्या, "तीन दिवसांनी सांगेन." हे ऐकून आम्ही जरा चकित झालो. पण जेथे रक्त अडले होते तेथे तासन् तास टाकाऊ द्रव्ये साचलेली असतात. वाट मोकळी होताच ती एकदम सर्व शरीरात जातात आणि त्यांचा मारा हृदयावर होतो. पुष्कळ कुत्र्यांत दुसऱ्या दिवशी हृदयाची लय बिघडते. वाघ्याचीही बिघडली. शस्त्रक्रियेनंतर सुमारे वीस तासांनी विद्युत्-हृदयालेखावर मध्येच वेडेवाकडे, रुंद ठोके उमटू लागले. शिरेतून औषध चालू केल्यावर ते आटोक्यात आले. योग्य वेळी शस्त्रक्रिया होऊनही दहापैकी सात ते नऊच कुत्रे वाचतात, ते यामुळेच.

हे दुखणे कोणाला होते? भटक्या गावठी कुत्र्यात ते क्वचित दिसते. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, वायमरानर, आयरिश सेटर, अल्सेशियन अशा मोठ्या आणि खोल, अरुंद छातीच्या जातींत ते अधिक. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात लॅरी ग्लिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ जातींच्या दीड हजारांहून अधिक कुत्र्यांवर कित्येक वर्षे नजर ठेवली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाढते वय, भराभर खाण्याची सवय आणि आईबाप, भावंडे किंवा पिले यांपैकी कोणाला हा विकार झालेला असणे, या गोष्टींनी धोका वाढतो असे दिसले. त्यांच्याच आधीच्या एका पाहणीत भित्र्या कुत्र्यांना धोका जास्त आणि आनंदी स्वभावाच्या कुत्र्यांना कमी असे आढळले होते. हे कसे घडते ते मात्र नीट उलगडलेले नाही. दिवसातून एकदाच भरपूर खाऊ घालणेही चांगले नाही.

सर्वांत मोठी गंमत भांड्याची. खाण्याचे भांडे उंचावर ठेवले की कुत्रा हवा कमी गिळतो, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जाई. तो तर्काला पटणाराही होता. पण २००० सालच्या त्याच पाहणीत उंच भांड्यातून खाणाऱ्या कुत्र्यांनाच पीळ जास्त पडलेला दिसला! वाघ्यासाठी सुताराकडून मुद्दाम करून घेतलेल्या स्टुलावर आता त्यांच्याकडे तुळशीची कुंडी असते. वाघ्या दिवसातून तीनदा थोडे थोडे खातो. त्याच्या थाळीत मधोमध एक मोठा गुळगुळीत गोटा असतो. त्याच्याभोवतीचे अन्न जिभेने शोधीत खावे लागते, त्यामुळे दोन मिनिटांचे जेवण आठ मिनिटांवर गेले आहे. गोटा गिळता येणार नाही एवढा मोठा हवा, हे सांगायला नकोच.

वाघ्याची एक मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका घरी आहे. ती दोन वर्षांची. रक्ताच्या नात्याचा मुद्दा ऐकल्यावर आमच्या आठवीतल्या मुलीने त्याच दिवशी त्या घरी जाऊन सगळी हकीकत सांगितली. तिची पिले न होण्याची शस्त्रक्रिया व्हायचीच होती. त्याच वेळी, त्याच भुलीत, डॉक्टरांनी तिचे जठरही टाचून टाकले. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. तिच्या पोटावर चार बोटांचा व्रण आहे, वाघ्याच्या पोटावर वीतभर.